उदाहरण आहे, व्याप्ती नाही : एक्सेलच्या मदतीच्या एका पानाविषयी

समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी आठवते, कविता आठवते, फार तर नाटक. आज मी ज्या मजकुराची समीक्षा करणार आहे तो जेमतेम सहा-सात वाक्यांचा आहे. त्यावर लेखकाचं नाव नाही, त्याला कुणी पुरस्कार दिलेला नाही. पण वाशी-नेरूळपासून पनवेलपर्यंतच्या कुठल्याही इंजिनिअरिंगच्या मुलाच्या संगणकावर तो हात लांब केला की मिळतो. एक्सेल नावाच्या स्प्रेडशीटमध्ये ‘साइनएच’ हे फलन कसं वापरायचं हे सांगणारं मदतीचं पान, हा आपला मजकूर.

ज्यांना हे फलन आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ई’ या संख्येचा ‘क्ष’ घात घ्या, त्यातून ‘उणे क्ष’ घात वजा करा, निम्मे करा : झाला साइनएच. वजा करण्याऐवजी बेरीज केलीत तर कॉसएच. पहिल्याला दुसऱ्याने भागलंत तर टॅनएच. वर्तुळाशी साइन-कॉसचं जे नातं, तेच अपास्त नावाच्या वक्राशी यांचं. स्प्रेडशीटमध्ये बरोबरचं चिन्ह काढायचं, फलनाचं नाव लिहायचं, कंसात आकडा घालायचा, एंटर. एवढंच. टंकायला काहीच अवघड नाही, आणि माझी तक्रारही टंकण्याबद्दल नाही.

आता ते पान काय म्हणतं ते माझ्या शब्दांत सांगतो. समजा, प्रयोगशाळेतल्या एका चाचणीचं उत्तर ० ते १० सेकंदांच्या दरम्यान येतं. पूर्वीच्या प्रयोगांच्या नोंदींवरून असं दिसलंय की उत्तर ‘ट’ सेकंदांपेक्षा कमी येण्याची संभाव्यता म्हणजे २.८६८ गुणिले साइनएच(०.०३४२ गुणिले ट). मग १.०३ सेकंदांपेक्षा कमी येण्याची संभाव्यता किती? उत्तर ०.१०१०४९०६३. म्हणजे हजारात सुमारे १०१ वेळा. इथे उदाहरण संपतं.

वाचताना कसं वाटतं बघा. प्रयोगशाळा आहे, इतिहास आहे, तीन-चार दशांश स्थळांपर्यंतचे स्थिरांक आहेत, उत्तराला नऊ दशांश स्थळं आहेत. भारदस्त आहे सगळं. आता आपण जरा खोडसाळपणा करू. साइनएच काढून टाकू. २.८६८ ला ०.०३४२ ने गुणा, आणि १.०३ ने गुणा. साधा शाळकरी गुणाकार. उत्तर येतं ०.१०१०२८. हजारात किती वेळा? १०१ वेळा. (हशा)

फरक पडला तो पाचव्या दशांश स्थळावर. कारण उघड आहे : संख्या लहान असली की साइनएच आणि ती संख्या यांत फरक असा उरतच नाही. ०.०३५२२६ चा साइनएच ०.०३५२३३. जे फलन शिकवायला हे पान लिहिलं, त्याने निवडलेल्या उदाहरणात काहीच काम केलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेला घालून मिरवणारा, पण एकालाही वाढायला न उठणारा माणूस असतो ना, तसा हा साइनएच बसलाय.

बरं, तुम्ही म्हणाल, १.०३ हा आकडा वाईट निवडला असेल, पुढे टोकाकडे साइनएच काम करत असेल. करतो, थोडंसं. संपूर्ण ० ते १० मध्ये हे सूत्र आणि ‘सेकंद भागिले दहा’ हे तिसरीतल्या मुलाचं सूत्र यांच्यातला फरक मधल्या भागात सर्वांत जास्त होतो, आणि तो जेमतेम पाऊण टक्क्याच्या आतबाहेर आहे. ५ सेकंदांना साइनएचवालं सूत्र ०.४९३ देतं, साधं सूत्र ०.५. ज्या नोंदींवरून हा सूक्ष्म वाक ओळखता येईल त्या नोंदी किती असायला हव्यात याचा उल्लेख पानावर नाही. आणि एक गंमत. ट ची किंमत १० घाला. संभाव्यता येते १.००००९. एकापेक्षा मोठी संभाव्यता! पानावर ‘ट दहापेक्षा कमी’ अशी अट आहे म्हणून लाज राखली जाते, तीही पुरती नाही, कारण ९.९९९५ घातलं तरी उत्तर एकाच्या वरच जातं. ही दशांश स्थळं तोडल्यामुळे झालेली किरकोळ गोष्ट आहे, मी तिचं भांडवल करत नाही. पण नऊ स्थळांपर्यंत उत्तर देणाऱ्याने टोकाला एकदा आकडा घालून बघायला हवा होता.

आता माझ्या प्रांतात येतो. आपल्याकडच्या न्यायदर्शनात अनुमान मांडायचे पाच अवयव आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. तसाच हा डोंगर. म्हणून इथे अग्नी आहे. तिसऱ्या अवयवाकडे नीट बघा. त्यात नुसतं स्वयंपाकघर नाही. ‘जिथे जिथे, तिथे तिथे’ ही व्याप्ती आहे, आणि स्वयंपाकघर तिच्या पाठीशी उभं आहे. व्याप्ती काढून घेतली तर उरतं काय? ‘डोंगरावर अग्नी आहे, जसं आमच्या स्वयंपाकघरात.’ ऐकणारा विचारेल, त्याचा संबंध काय?

मदतीच्या पानावर नेमकं हेच झालंय. चाचणीचं उत्तर साइनएचच्या घाटाने का पसरावं, याचा हेतू नाही. आणखी कुठे तसं होईल, याची व्याप्ती नाही. फक्त ‘नोंदींवरून असं दिसलं’. हे वाचणारा मुलगा शिकतो काय? आपल्याकडे आकडे असले की फलनांच्या यादीतून एखादं उचलायचं, दोन स्थिरांक फिरवायचे, रेघ बिंदूंवरून गेली की सूत्र सापडलं. प्रकल्पाच्या अहवालांमध्ये अशी सूत्रं ढिगाने दिसतात. ‘हेच फलन का घेतलं?’ असं तोंडी परीक्षेत विचारलं की मूल स्क्रीनकडे बोट दाखवतं : सर, जुळतंय की. जुळणं आणि कारण असणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्यातला फरक शिकवायची जागा तत्त्वज्ञानाच्या वर्गात राहिलेली नाही, कारण तो वर्गच फारसा राहिलेला नाही. ती आता अशा पानांवर आहे. म्हणून हे पान मी गांभीर्याने घेतो.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. नवी मुंबईचा बराचसा भाग ज्या रायगड जिल्ह्यात येतो, त्याच जिल्ह्यात मुरुडजवळ समुद्रकाठी नांदगाव आहे. तिथले गणेश दैवज्ञ. १५२० सालचा त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांच्या रोजच्या वापरात राहिला. त्याचं वैशिष्ट्य काय? ग्रहगणित म्हटलं की ज्या आली, म्हणजे आपला साइन, कोष्टकं आली. आर्यभटापासून चोवीस ज्यांचं कोष्टक पाठ करण्याची परंपरा. गणेशांनी ज्या-चापाचा सगळा व्यवहारच ग्रंथातून काढून टाकला. त्या जागी बेरीज, गुणाकार, भागाकार यांनी येणाऱ्या जवळपासच्या किमती बसवल्या. हे शक्य आहे याची कल्पना यावी म्हणून सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचं सूत्र घ्या : कोन गुणिले (१८० उणे कोन) हा गुणाकार काढा, त्याची चौपट करा, आणि ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून जे उरेल त्याने भागा. ३० अंशांना बरोबर ०.५ येतं. ४५ अंशांना ०.७०५९, खरी किंमत ०.७०७१. पाटीवर हिशेब करणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

पण मुद्दा सोपेपणाचा नाही. याच गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली, आणि तिची ख्याती कशासाठी, तर उपपत्तींसाठी. नियम का खरा, हे त्यांनी मांडून दाखवलं. म्हणजे ज्याला ज्या का वापरायची हे माहीत होतं, त्यानेच ती कुठे सोडता येईल हे ठरवलं. साइनएचच्या पानावर उलटा प्रकार आहे : सोडता आलं असतं तिथे वापरलंय, आणि का ते सांगितलेलं नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात गणेशांची दखल घेतली आहे, ती ज्यांना उपलब्ध होईल त्यांनी जरूर वाचावी.

जाता जाता एक गोष्ट या फलनांच्या जन्माची. अठराव्या शतकात रिकाती आणि लांबर्ट या दोघांनी त्यांना घडवलं. लांबर्ट हा शिंप्याचा मुलगा, स्वतःच शिकलेला. पाय ही संख्या अपरिमेय आहे हे त्याने सिद्ध केलं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तो वेगळ्या कारणाने माहीत : कांटशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि १७६४ च्या त्याच्या ‘नवे साधन’ या तर्कग्रंथात ‘फेनॉमेनॉलॉजी’ हा शब्द शास्त्राचं नाव म्हणून आला. तिथे अर्थ होता आभासाचं शास्त्र. दिसतं तसं नसतं तेव्हा खऱ्यापर्यंत कसं पोचायचं! साइनएचच्या एका जनकाच्या हयातीतच हा प्रश्न त्याच्या टेबलावर होता.

आता न्याय करायचा तर ही फलनं जिथे हक्काने येतात तिथेही जायला हवं. खाडीच्या कडेने कांदळवनातून उच्चदाबाच्या विजेचे मनोरे गेलेत. दोन मनोऱ्यांमधली तार खाली झोळ घेते. त्या वक्राचं सूत्र कॉसएचचं आहे. का? तारेच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून वर चढत जा. कुठल्याही जागी आडवा ताण तोच राहतो. उभा ताण मात्र खालच्या तारेच्या वजनाइतका. वजन तारेच्या लांबीच्या प्रमाणात. म्हणजे चढ लांबीच्या प्रमाणात वाढतो, आणि ही अट पाळणारा वक्र एकच. ही व्याप्ती! जिथे जिथे सारख्या वजनाची लवचीक दोरी नुसत्या स्वतःच्या भाराने लोंबते, तिथे तिथे कॉसएच. १६९१ मध्ये लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी हे कोडं सोडवलं. लायब्निझने तर म्हटलं की प्रवासात लॉगरिदमचं कोष्टक हरवलं तर भिंतीवर साखळी टांगून लॉगरिदम मोजता येतील. आपण यंत्राने साखळी मोजतो, तो साखळीचंच यंत्र करायला निघाला होता.

झुलत्या पुलाची मुख्य तार मात्र कॉसएच नाही, अन्वस्त आहे, कारण तिथे भार रस्त्याचा, आडव्या अंतराच्या प्रमाणात. दिसायला दोन्ही सारखे. गॅलिलिओलासुद्धा साखळी जवळजवळ अन्वस्तच वाटत होती.

आता आकडे घालू. मनोऱ्यांतलं अंतर ३०० मीटर, आणि आडवा ताण भागिले दर मीटरचं वजन ही राशी १५०० मीटर. कॉसएचने झोळ येतो ७.५०६ मीटर. अन्वस्ताने ७.५ मीटर. फरक सहा मिलिमीटर! आणि त्याच तारेचं तापमान वीस अंशांनी वाढलं, तर नुसत्या लांबीच्या वाढीने झोळ सुमारे ऐंशी सेंटिमीटरने उतरतो. प्रत्यक्षात ताण कमी होऊन तार थोडी आखडते, म्हणून त्याहून कमी, पण मिलिमीटरांत नक्कीच नाही. म्हणजे इथे कॉसएच खरा असूनही गरजेचा नाही. उन्हाचा हिशेब गरजेचा आहे. आता मनोरे एक किलोमीटर अंतरावर न्या. कॉसएच म्हणतो ८४.११ मीटर, अन्वस्त म्हणतो ८३.३३. पाऊण मीटरहून जास्त फरक. तारेखालून काही जाणार असेल तर हा फरक सोडून चालणार नाही. खरं असणं आणि उपयोगी असणं यांच्यातली सीमा अशी आकडे घालूनच कळते, आणि स्प्रेडशीट हे त्यासाठीच उत्तम साधन आहे. एका रकान्यात कॉसएच, शेजारच्यात अन्वस्त, तिसऱ्यात फरक. दोन मिनिटांचं काम.

टॅनएचचं प्रकरण मला याहून आवडतं. पाण्यावरच्या लाटेची लांबी खोलीवर कशी अवलंबून असते याचा एक नियम आहे, एअरींच्या नावाने ओळखला जातो. त्यात टॅनएच येतो, आणि कुठून येतो ते सांगता येतं : लाटेची हालचाल खाली जाताना कमी होत जाते, पण तळाशी पाणी तळातून आरपार जाऊ शकत नाही. ही तळाची अट पाळायला एक घातांकी फलन पुरत नाही, दोन लागतात, त्यांची बेरीज कॉसएच होते, आणि पृष्ठभागावर हिशेब जुळवताना टॅनएच हातात येतो. तीन मीटर खोल पाणी घ्या आणि दर चार सेकंदांनी येणारी लाट. खोल समुद्राचं सोपं सूत्र सांगतं लांबी २५ मीटर. उथळ पाण्याचं सोपं सूत्र सांगतं २१.७. खरं उत्तर १९ मीटर. दोन्ही सोपी सूत्रं चुकतात, आणि उत्तर दोघांच्या मधेही नाही! सरासरी काढून भागवणारा इथे फसतो. लांबी समीकरणाच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे ती सरळ सुटत नाही. एक्सेलमधलं ‘गोल सीक’ वापरावं लागतं. इथे फलन आपल्या कष्टाचं खातंय.

कुणी म्हणेल, सर, मदतीच्या पानाकडून एवढी अपेक्षा कशाला? ते टंकायला शिकवतं, पुरे आहे. मग कॉसएचचं पान बघा. तिथे दोन उदाहरणं : ४ चा कॉसएच २७.३०८२३३, आणि ‘ई’ या संख्येचा कॉसएच ७.६१०१२५१. ‘ई’चा कॉसएच कुणाला कधी लागला असेल? पण ते पान मला साइनएचच्या पानापेक्षा बरं वाटतं. ते काही दावाच करत नाही. कवायत आहे, कवायत म्हणूनच दिलीय. साइनएचचं पान दावा करतं. ‘या फलनाने संभाव्यतेचं वितरण अंदाजता येतं’ असं म्हणतं, आणि दाव्याला पुरावा लागतो.

याच एक्सेलमध्ये चांगलं उदाहरणही आहे, दुसऱ्या खोलीत ठेवलेलं. संख्याशास्त्राच्या विभागात ‘फिशर’ नावाचं फलन आहे. ०.७५ घाला, ०.९७२९५५१ येतं. आता त्रिकोणमितीच्या विभागात जा आणि टॅनएचचं उलटं फलन घ्या, ‘एटॅनएच’. ०.७५ घाला. तोच आकडा! एकच फलन, दोन नावं, दोन घरं. फिशरच्या घरात मात्र ते कशासाठी हे सांगितलंय : सहसंबंध गुणकाची परीक्षा करण्यासाठी. त्यामागे कारणही आहे. गुणक एकाच्या जवळ गेला की त्याचं वितरण एका बाजूला झुकतं. हे फलन लावलं की ते बरंचसं समतोल होतं, आणि त्याचं विचरण नमुन्याच्या संख्येतून तीन वजा करून त्याने एकाला भागलं की जवळपास मिळतं, मूळ गुणक काहीही असो. संभाव्यतेत अपास्तीय फलन हक्काने कुठे येतं, हे दाखवायचं होतं तर शेजारच्या खोलीत जायचं होतं.

वापरणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी, कारण यावर मुलं हमखास अडखळतात. साइन-कॉससाठी अंशांचं रेडियन करायची सवय हाताला लागलेली असते. तीच इथे चालवू नका. कॉसएचच्या कंसात कोन नसतो. वर्तुळाच्या बाबतीत जी संख्या कोन वाटते ती पाकळीच्या क्षेत्रफळाची दुप्पटही असते, आणि अपास्ताकडे जाताना हा दुसराच अर्थ बरोबर येतो. आपला ‘ज्या’ हा शब्द धनुष्याच्या दोरीवरून आला. अपास्तीय साइनला ते धनुष्यही नाही. दुसरं, झोळ काढताना ‘कॉसएच उणे एक’ करावं लागतं. ताण खूप असेल तर कॉसएच एकाच्या इतका जवळ जातो की वजाबाकीत महत्त्वाचे अंक गळून पडतात. त्याऐवजी अर्ध्या संख्येचा साइनएच, त्याचा वर्ग, त्याची दुप्पट. बीजगणिताने दोन्ही एकच, सेलमध्ये नाहीत. तत्त्वज्ञानाच्या मंडळींनी यावर जरूर विचार करावा. समानता कागदावर एक असते आणि यंत्रात दुसरी, हा विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

चॅटमध्ये एक प्रश्न आलाय : ‘सर, टीका पटली, पण ते पान तुम्ही कसं लिहिलं असतं?’ रास्त प्रश्न. मी तारेचं उदाहरण घेतलं असतं, पण लांबीचं, कारण दोन मनोऱ्यांमधली तार किती लागेल याचं उत्तर साइनएचमध्येच येतं. राशी १५०० मीटर, अंतर १००० मीटर. अंतर भागिले राशीची दुप्पट, म्हणजे एक तृतीयांश. त्याचा साइनएच घ्यायचा आणि ३००० ने गुणायचं. सेलमध्ये लिहायचं : बरोबर, ३००० गुणिले साइनएच, कंसात १०००/३०००. उत्तर १०१८.६ मीटर. शेजारी एक ओळ : चढ खालच्या तारेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो म्हणून साइनएच. आणि त्याखाली दुसरी : अंतर ३०० मीटर करून बघा, उत्तर ३००.५ येईल, मग या फलनाची गरज आहे का ते ठरवा. पुढचा प्रश्न घेऊ.